बानूबाईच्या शेवंतीचा प्रश्न

कॉलेजात गेलेली मोनिका घरातली पहिलीच. आजोबांनी मेंढरं मोडून शिरूरकडे जमीन धरली, आन् नात पुण्यात पत्रकारिता शिकू लागली. २००९ च्या पावसाळ्यात कॉलेजने तिला गावाकडच्याच एका सरकारी कृषी कार्यालयात इंटर्नशिपला धाडलं. तिथले आनंदराव साहेब म्हणाले, "पोरं इंटरनेटवर गप्पा मारतात त्या ऑर्कुटवरून सरकार शेतकऱ्यापर्यंत पोचेल का, शोधून काढ. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके फिर. आणि तिथं शेतकऱ्यांची कम्युनिटी, म्हणजे गट, तूच उघड, आमच्यात कुणाला ते जमत नाही."

मोनिकाला आभाळ ठेंगणं झालं. एसटीने, टमटमने ती गावं पालथी घालू लागली. शेतकऱ्याकडे कॉम्प्युटर कुठला? पण घरातला एखादा मुलगा सणसवाडीला कंपनीत होता आणि सुट्टी झाली की शिक्रापूरच्या सायबर कॅफेत बसायचा. त्याच्या हातून प्रश्न पाठवता येतील, हे तिनं हेरलं. "विचारा हो, साहेब लोक उत्तर देतील," असं ती बांधाबांधावर सांगत सुटली. प्रश्न येऊही लागले.

भांडगावला तिची आत्या होती, बानूबाई. दसऱ्याचा बाजार धरून तिनं शेवंती लावली होती. खालची पानं काळी पडून गळायला लागलेली.

"दुकानदार रोज नवी बाटली दाखवतोय. कंचं औषध मारू, मोने?"

"त्याचं ऐकू नकोस, आत्या. थांब जरा. मी तुझा नि शेवंतीचा फोटो टाकते, तज्ज्ञच सांगतील."

भाचीच्या शब्दावर बानूबाई थांबली.

मोनिका रोज आनंदरावांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. साहेब फाइलीतून मान वर न काढता म्हणायचे, "लेखी उत्तर दिलं की जबाबदारी अंगावर येते. वरून मंजुरी लागते. तू मेंबर वाढव." कार्यालयातल्या कृषी सहायकाला तिनं गाठलं, तर तो म्हणाला, "साहेबांनी सांगितल्याशिवाय मी कसा बोलू?"

मग एके दुपारी आत्याचा फोन आला. "शेवंती गेली गं. पार शेंड्यापर्यंत जळली. उत्तर द्यायचं न्हवतं, तर इचारायला कशाला लावलंस?"

आत्याला मोनिकानंच थांबवलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला.

त्याच आठवड्यात पुण्याहून वरिष्ठ आले. अंधाऱ्या खोलीत आनंदराव पडद्यावर एकेक चित्र दाखवत होते. मध्येच वाफ्यात उभी असलेली बानूबाई आली. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'लाभार्थी महिला शेतकरी'.

मोनिकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती उभी राहिली. पुण्यात कमावलेली भाषा कुठल्या कुठं पळाली.

"साहेब, ही माझी आत्या हाय. हिला काय लाभ झाला, सांगा की!"

"मोनिका, खाली बस."

"न्हाई बसणार. हिनं इचारलं, तुम्ही गप राहिलात. पीक जळालं. आन् वर तिचाच फोटो लावून मिरवताय? काढा तो आधी!"

कुणीतरी दिवा लावला. वरिष्ठांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला. आनंदरावांनी मोनिकाला बाहेर काढलं, दारात म्हणाले, "सर्टिफिकेट विसर."

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "कम्युनिटीच्या अकाउंटचा पासवर्ड दे."

"आधी सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्या," ती म्हणाली नि फोन ठेवला.

कॉलेजने तिला दुसऱ्या ठिकाणी पुन्हा इंटर्नशिप करायला लावली. इकडे वरिष्ठांनी आनंदरावांना हटकलं असावं, कारण कृषी सहायक मोटारसायकलवरून भांडगावला गेला. बानूबाईनं तोवर रानात नांगर घातला होता. त्यानं विचारलं, "मावशी, रोग कुठं दिसला?"

"मातीत हुडका," ती म्हणाली आणि घरात निघून गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मोनिकाला हे कळलं तेव्हा तिला हसू आलं नाही. बाकीच्या प्रश्नांना उत्तरं आलीच नाहीत, आणि पासवर्डही तिनं शेवटपर्यंत दिला नाही.