टेपचा पंचनामा

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी नगरजवळच्या एका सरकारी केंद्रात मी कॉम्प्युटरवर काम करत होतो. हे वाक्य आज जेवढं भारदस्त वाटतं तेवढंच तेव्हाही वाटायचं, आणि तेव्हाही ते फारसं खरं नव्हतं. ट्रॅक्टरला जोडायच्या ट्रॉल्या तपासणं हे केंद्राचं काम. उसाने भरलेली ट्रॉली खड्ड्यातून गेली की आसावर किती भार येतो, याचं गणित करायला सरकारने आम्हाला कॉम्प्युटर दिला होता. नगर-जामखेड एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्या कुणालाही ते गणित मुक्काम येईपर्यंत सुटलं असतं. पण तसा प्रस्ताव कुणी पाठवला नव्हता.

यंत्र कपाटाएवढं होतं. आमचे साहेब त्याला 'गणकयंत्र' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना किंचित थांबत. खोलीत धूळ चालत नसे, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. आत गारवा, मंद उजेड आणि एक अखंड गुणगुण. त्यामुळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे हात आपोआप जोडले जात. एका सभापतींनी तर प्रदक्षिणेला वाट आहे का म्हणून यंत्राच्या मागे डोकावून पाहिलं होतं.

या यंत्राच्या स्मृतीत चारेक हजार खण होते. प्रत्येक खणाला क्रमांक, आणि प्रत्येक खणात एक आकडा. आठ आणि नऊ हे अंक यंत्राच्या गावी नव्हते. सातानंतर थेट दहा. प्रोग्रॅम म्हणजे कोणत्या खणात कोणता आकडा भरायचा याची हकिगत, आणि ती लिहायची कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून. ही झाली टेप. टेपचे लहान लहान टप्पे असत, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी त्यातल्या आकड्यांची बेरीजही भोकांतच लिहिलेली असे. टेप आत घेताना यंत्र स्वतः बेरीज करी. ती जुळली नाही की दिवे लावून गप्प उभं राही. कुठे चुकलं, काय चुकलं, हे सांगायची पद्धत नव्हती. यंत्र सरकारी होतं.

या मौनाला कंटाळून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो टेप वाचायचा, पण तिच्यातलं काहीही खणांत भरायचा नाही. टेलिप्रिंटरवर एक अक्षर आणि दोन खणांचे क्रमांक टाइप केले की त्या दोन खणांच्या दरम्यान टेप काय काय भरू पाहते आहे ते सगळं कागदावर छापून यायचं, आणि जिथे बेरीज जुळत नसेल त्या टप्प्यापुढे प्रश्नचिन्ह उमटायचं. टेलिप्रिंटरची देखभाल करणाऱ्या आमच्या मिस्त्रींनी त्याचं नाव पंचनामा ठेवलं. ते जामखेडकडचे. "मयताला हात लावायचा न्हाई, पर समदं लिहून घ्यायचं," ते म्हणाले, "ह्यो पंचनामाच की." साहेबांना नाव आवडलं नाही. कागदोपत्री ते 'टेप-निरीक्षण प्रणाली' होतं. कागदोपत्री ते कुणी वापरत नसे.

खड्ड्यांचं गणित लिहिलं होतं आमच्या बाईंनी. त्या केंद्रात सर्वांत नव्या. वडील राहात्याला मिशनच्या शाळेत मुख्याध्यापक, घरात प्रार्थना आणि पाढे दोन्ही नियमाने. गणितात पदवी घेऊन बाई आमच्याकडे आल्या तेव्हा वर्षभराच्या बोलीवर होत्या. वर्ष संपताना साहेबांनी शेरा लिहायचा आणि त्यावर त्या कायम व्हायच्या किंवा घरी जायच्या. घरी जागा तयार होती. वडिलांनी प्राथमिकच्या वर्गावर त्यांच्यासाठी एक जागा अडवून धरली होती आणि दर पंधरवड्याला येऊन तसं सांगून जात. बाईंना मुलं आवडत नव्हती असं नाही. "आवडतात," त्या म्हणत, "पण एकेकटी."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. लेथ, वजनकाटे, पाने, अगदी पंचिंग मशिनलाही हळदकुंकू. त्या वर्षी कॉम्प्युटरची पहिली पूजा होती, म्हणून साहेब स्वतः बसले. त्यांच्या घरून पितळी दिवा आणि तेल आलं. यंत्राचा माथा उतरता. दिवा टेकवायला सपाट जागा म्हणजे टेपच्या डब्याचा रुंद काठच. डब्याचं झाकण मिस्त्रींनी काढून ठेवलं होतं, कारण पूजा अवजाराची करायची, डब्याची नव्हे. आत खड्ड्यांच्या गणिताची टेप गुंडाळून उभी ठेवलेली, आणि ती खराब झाली तर असावी म्हणून केलेली नक्कलही तिच्यावरच गुंडाळलेली. आरती झाली, पेढे वाटले गेले. बाई सगळा वेळ मागे उभ्या होत्या. पेढा त्यांनी दोनदा घेतला.

सुट्टीनंतर यंत्राचं काम बघायला दिल्लीची समिती यायची होती. साहेबांनी रंगीत तालीम लावली. टेप लावली, आणि यंत्र दिवे लावून गप्प. पुन्हा लावली, पुन्हा गप्प. नक्कल लावली, तीच गत. साहेबांनी निष्कर्ष काढला की मूळ आणि नक्कल दोन्ही अडतात त्याअर्थी चूक मजकुरात आहे. तर्क ऐकायला बिनतोड होता. त्यांनी बाईंना सर्वांसमोर विचारलं, "राहात्याला तुमच्या वडिलांची शाळा आहे ना?" बाई हो म्हणाल्या. साहेब म्हणाले, छान. मग केबिनमध्ये मला बोलावून त्यांनी सांगितलं की शेऱ्यात 'असमाधानकारक' लिहिणं त्यांना जड जाईल. ते पेनचं टोपण काढूनच बोलत होते.

बाईंनी आपले कागद पहिल्यापासून तपासले. काही सापडलं नाही. नवा प्रोग्रॅम आल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही असा हुकूम होता, पण समितीच्या जेवणाची व्यवस्था बघायला साहेब दुपारी नगरला गेले, आणि बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "तुमचा पंचनामा करू या."

टेप लावली, अक्षर आणि आकडे टाइप केले. टेलिप्रिंटर खडखडू लागला. प्रश्नचिन्हं बरीच आली, आणि ती गणिताच्या एखाद्या भागात न येता सगळीकडे पसरलेली होती. बाईंनी कागदावर बोट फिरवत प्रश्नचिन्हं मोजली. मग टेप घेऊन व्हरांड्यात गेल्या आणि ती जमिनीवर लांब पसरली. प्रत्येक प्रश्नचिन्हाच्या जागी मी पेन्सिलीने खूण केली. खुणांमधलं अंतर सुमारे हातभर निघालं, आणि प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा अगदी थोडं कमी.

"माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी टेप पुन्हा गुंडाळली. सगळ्या खुणा एकाखाली एक आल्या, चाकाच्या आरीसारख्या बाहेरून आत एका रेषेत. म्हणजे जे काही घडलं ते टेप गुंडाळलेली असताना घडलं होतं, आणि वरून आत झिरपलं होतं. टेप खिडकीशी धरली. खुणांच्या जागी कागद काचेसारखा झाला होता. पलीकडची बाभळ दिसत होती. मिस्त्रींनी तिथे बोट घासलं आणि हुंगलं.

"करडीचं हाय. घान्याचं," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला. "दिवा म्या ठिवला हुता. पर आरतीला उचलला साहेबांनी. तवाच सांडलं आसंल."

आमचा टेप वाचणारा डोळा परदेशी, वेगवान, साहेबांचा विशेष अभिमान. एका बाजूने दिव्याचा प्रकाश टाकायचा, दुसरीकडे जिथे प्रकाश पोहोचेल तिथे भोक आहे असं समजायचं. तेलकट कागदातूनही प्रकाश जातो, त्यामुळे त्याला नसलेली भोकं दिसत होती. टेलिप्रिंटरच्या बाजूला मात्र जुना वाचक होता. तो बघत नसे, बारीक सुया टोचून चाचपत असे. अत्यंत सावकाश. आम्ही टेप त्याच्यात घातली आणि चहा पिऊन आलो, तरी तो अर्ध्यातच होता. पण बेरजा एकूण एक जुळल्या. गणित चाललं. बाईंनी लगेच कोरड्या कागदावर नवी टेप पाडून घेतली.

मिस्त्रींच्या मते प्रश्न मिटला होता. "नवी टेप द्या, दुरुस्त केलं म्हना. साहेब खूश, समिती खूश. दिव्याचं कशाला काढायचं?"

"दुरुस्त केलं म्हटलं की चुकलं होतं हे आलंच," बाई म्हणाल्या. "मग शेरा तोच राहील."

"मग सांगा तसं."

बाई माझ्याकडे वळल्या. "मी सांगितलं तर ते देवाबद्दल होईल. तुम्ही सांगितलंत तर तेलाबद्दल होईल."

मी देवाला मानतो की नाही हे केंद्रात कुणी कधी विचारलं नव्हतं, पण मी तेलाबद्दल बोलायला योग्य माणूस आहे हे मला पटलं. संध्याकाळी साहेब परतल्यावर जुनी टेप घेऊन केबिनमध्ये गेलो. प्रकाश, कागद आणि पारदर्शकता यांवर एक छोटं व्याख्यान तयार ठेवलं होतं. दोन वाक्यं झाली असतील, तोवर साहेबांनी टेप हातातून घेतली, दिव्यासमोर धरली आणि नाकाशी नेली.

"हे आमच्या घरचं तेल आहे," ते म्हणाले.

ते खुर्चीत मागे टेकले. हे आणखी कुणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे बाईंचं गणित बरोबर होतं?"

"पहिल्यापासून."

साहेबांबद्दल माझं मत तोवर फारसं चांगलं नव्हतं, आणि नंतरही ते फार वर गेलं असं नाही. पण ते उठले आणि स्वतः बाईंच्या टेबलापाशी गेले. बाई उभ्या राहिल्या. साहेबांनी घसा साफ केला. "तुमच्या गणितात दोष नव्हता," ते म्हणाले. "दोष प्रकाशाचा होता."

मिस्त्री खाली वाकून टेलिप्रिंटरचा एक स्क्रू शोधू लागले, जो पडला नव्हता.

"तसं लिहून द्याल का, साहेब?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी बाईंच्याच टेबलावरचा कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात परिपत्रकही निघालं, की तैलजन्य पदार्थ निरीक्षण-साहित्यापासून सुयोग्य अंतरावर ठेवण्यात यावेत. अंतर किती, ते लिहिलं नव्हतं.

समिती शनिवारी आली. तिच्यातल्या एका सदस्यांना साडेसाती होती आणि दुपारच्या आत शिंगणापूर गाठायचं होतं. बाईंनी टेप लावली, टेलिप्रिंटर खडखडला, कागद बाहेर आला. सगळ्यांनी मान डोलावली. ट्रॉलीच्या आसावर खड्ड्यात जास्त भार येतो हे सिद्ध झालं, आणि गाड्या नेवाशाच्या रस्त्याला लागल्या.

दिवाळीनंतर बाईंचा कायम झाल्याचा हुकूम आला. साहेबांचा शेरा एका शब्दाचा होता: समाधानकारक. त्याच आठवड्यात वडील आले, काखेत छत्री आणि हातात राहात्याच्या पेरूंची पिशवी. आम्हाला सलाम केला. हुकूम चष्मा लावून वाचला, मागची कोरी बाजूही बघितली.

"शाळेला आता मी काय सांगू?" ते म्हणाले. "जागा अडवून ठेवली होती मी."

"सोडा आता ती, बाबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी हुकुमाची घडी घालून लेकीला परत दिली. थोडे नाराज होते, आणि तरी त्यांना बसवत नव्हतं. टेबलाटेबलाशी जाऊन स्वतःच्या हाताने पेरू वाटत होते. केबिनमध्ये जाऊन साहेबांनाही दोन देऊन आले. माझ्या वाट्याचा आतून गुलाबी निघाला. मी तो मीठ न लावताच खाल्ला.