तिसऱ्या दिवशीची पांजणी

शहापुरात कुणाची दाढ ठणकू लागली की लोक त्याला नागोजीकडं घेऊन यायचे. नागोजी काही वैद्य नव्हता. लुगडी विणणारा साधा विणकर होता. पण कँपातल्या, म्हणजे लष्कराच्या छावणीतल्या, दातांच्या डॉक्टरनं बायकोचं वाटोळं कसं केलं, हे त्याच्याइतकं रंगवून दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं. सांगता सांगता आवाज चढला की तो आत हाक मारायचा, "सत्यवती, जरा भायेर ये गं." सत्यवती चुलीपुढची उठून यायची आणि गालावरचा पदर खाली करायची. उजवा गाल जबड्यासकट आत गेलेला. आलेला माणूस ते बघून हबकायचा आणि बाजारात बसणाऱ्या दात उपटणाऱ्याकडं निघून जायचा. ती पदर ओढून पुन्हा चुलीपुढं. चौदा वर्षं हा तमाशा चालला आणि झालं ते असंच झालं का, हे त्या बाईला एकदाही कुणी विचारलं नाही.

तसं झालं नव्हतं.

एकतीस साली, शिमग्याच्या आधी, सत्यवतीची दाढ दुखायला लागली. लवंग धरून झाली, बिब्ब्याचा चटका झाला, निपाणीची तंबाखू भाजून केलेली मिश्री घासून घासून हिरड्या काळ्या झाल्या. पाण्याचा घोट घेतला तरी कळ मस्तकात जायची. शेवटी एका सोमवारी नागोजी तिला घेऊन रेल्वेचं फाटक ओलांडून, किल्ल्याला वळसा घालून, कँपात डॉक्टर मिनेझिसकडं गेला. डॉक्टर गोव्याकडचा, हाताचा हलका आणि बोलण्यात तुटक. पायानं चालवायच्या यंत्रावर त्यानं दाढ पोखरली. त्याचा पाय मागाच्या पावडीवर पडावा तसा पडत होता, त्यामुळं सत्यवतीला भीती वाटली नाही. पोखरलेल्या दाढेत त्यानं औषधाचा इवलासा बोळा ठेवला, वरून बुजवलं आणि म्हणाला, "परवा, बुधवारी या. चुकवू नका."

का चुकवायचं नाही, ते त्यानं सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही. साहेबाच्या दवाखान्यात का म्हणून विचारायची पद्धत तेव्हा नव्हती, आताही फारशी नाही.

मंगळवारी सकाळी दुखणं गेलं. दुपारी सत्यवतीनं त्याच बाजूनं भाकरी खाल्ली.

आणि बुधवारी पांजणी होती. विणायच्या आधी सगळा ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीत लांबलचक ताणायचा, त्याला खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंचे फिरवून वाळवायचा, याला पांजणी म्हणतात. एका घराचं ते काम नव्हे. गल्लीतली दहाबारा माणसं लागतात, म्हणून प्रत्येक घराचा दिवस ठरलेला असतो आणि तो गेला की पुढची पाळी पंधरा दिवसांनी. ज्या घरचा ताणा त्या घरची नवराबायको दोघंही हजर पाहिजेत, असा शहापूरचा रिवाज. तुटलेली तार हेरून जोडण्यात सत्यवतीचा हात तर गल्लीत पहिला.

पहाटे तिनं पदर खोचला आणि विचारलं, "आज बुधवार न्हवं? मी जाऊन येऊ काय कँपात?"

"दुखतंय काय?" नागोजी ताण्याखालच्या लाकडी घोड्या मांडत होता, त्यानं वरही बघितलं नाही.

"न्हाय."

"मग? बऱ्या दाढंला घिऊन दवाखान्यात काय पूजा घालायची हाय? माणसं आल्यात दारात. घरधनीण न्हाय म्हटल्यावर काय म्हणतील?"

ती राहिली. दोन पावलं फाटकाच्या दिशेनं टाकून राहिली, हे नागोजीनं बघितलं होतं. ते तो कुणालाच सांगत नसे.

पुढं ताणा मागावर चढला, शिमगा आला, आणि न दुखणाऱ्या दाढेची आठवण कुणाला राहते? महिन्याभरानं हिरडी राखेसारखी करडी पडली. मग तोंडाला वास यायला लागला. एके दिवशी चूळ भरताना जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. ते दाढेखालचं हाड होतं.

नागोजी तिला पुन्हा कँपात घेऊन गेला, तेव्हा डॉक्टर ओरडलाच. "सोमल होता तो! विष! आतली शीर मारायला घातलेला, तिसऱ्या दिवशी काढायचा. तुम्ही तो महिनाभर तोंडात ठेवलात? हाड जाळलंय त्यानं." दोन खेपांत त्यानं तीन दाढा आणि मेलेल्या जबड्याचा तुकडा काढला. नागोजी व्हरांड्यात बसून होता. आतून तिचा आवाज येत होता आणि त्याला दोन्ही कान झाकायचीही लाज वाटली.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी मल्लाप्पा भेटला. वयानं मोठा, गल्लीचा कारभारी, पांजणीच्या पाळ्या तोच लावायचा. "काय झालं रं?" त्यानं विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नागोजी म्हणाला, "डॉक्टरनं वाटोळं केलं, अण्णा."

मागं सत्यवती उभी होती, तोंडाला फडकं बांधून. तिला बोलता येत नव्हतं. महिन्याभरानं जेव्हा थोडं बोलता यायला लागलं, तेव्हा नागोजीची गोष्ट शेजारच्या वडगावापर्यंत पोचली होती. मग ती बोललीच नाही. शब्दातून वारा निसटायचा, पोरं नक्कल करायची, आंबील आणि कालवलेला भात एवढंच खाणं उरलं. त्याहून वाईट झालं ते मागाशी. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की त्याच्या भोकाला ओठ लावून तार ओढून घ्यावी लागते. हे काम तिचं होतं. एका ओढीत तार बाहेर, त्याचा तिला केवढा तोरा! आता ओठ मिटत नव्हते. नुसती फुसफुस व्हायची आणि लाळ धोट्यावर सांडायची. दोनचार दिवस तिनं प्रयत्न केला, मग धोटा नवऱ्यापुढं ठेवला आणि कांड्या भरत बसली.

नागोजी माणूस दुष्ट नव्हता. तिच्यासाठी भात तोच मऊ करायचा. पण एकदा बोललेलं खोटं त्याला रोज वर नवी खळ लावून ताठ ठेवावं लागत होतं, आणि त्यापायी शहापुरातल्या किती जणांनी बऱ्या होणाऱ्या दाढा चिमट्याला दिल्या, कुणास ठाऊक.

पंचेचाळीस साली त्याचीच दाढ धरली. आठ दिवस त्यानं भिंतीवर डोकं आपटलं. सत्यवती म्हणाली, "कँपात चला."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"माझ्या," ती म्हणाली आणि चपला पायात घातल्या.

डॉक्टर म्हातारा झाला होता. त्यानं नागोजीला ओळखलं नाही, पण सत्यवतीचा पदर सरला तेव्हा हातातलं हत्यार खाली ठेवलं. "त्या वेळी मी नुसतं या म्हणालो," तो म्हणाला. "का यायचं ते सांगायला हवं होतं. आता ऐका. दुखणं थांबलं म्हणजे दात बरा होत नाही. त्याला कळायचं बंद होतं, एवढंच. आत मेलेली शीर तशीच असते. ती ओढून काढायची, मुळापर्यंत साफ करायचं, मग मूळ भरून बंद करायचं. तीनचार खेपा लागतात. आज सोमवार, आज औषध ठेवतो. बुधवारी आला नाहीत तर मी शहापुरात येऊन घेऊन जाईन."

बुधवारी पहाटे गल्लीत घोड्या मांडलेल्या, खळ तयार, माणसं दारात. पाळी नागोजीचीच होती. त्याची दाढ गप्प होती. "दुखत न्हाय आता," तो कुंचा उचलत म्हणाला. "पांजणी आटपू, उद्या जाऊ."

"दुखत न्हाय म्हणूनच," सत्यवती म्हणाली. तिनं त्याच्या हातातला कुंचा काढून मल्लाप्पाच्या हातात दिला, "दवाखान्यात जाऊन येतो" म्हणाली आणि भरल्या गल्लीत नवऱ्याचं मनगट धरून चालू लागली. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मल्लाप्पा नुसता "अगं, अगं" करत राहिला.

डॉक्टरनं बारीक तारेवर शीर बाहेर काढून त्याला दाखवली. तुटलेल्या सुताच्या टोकाएवढी होती. नागोजीनं ती बघितली आणि मान दुसरीकडं वळवली.

परत आले तेव्हा दुपार झाली होती. गल्ली रिकामी. घोड्या भिंतीला लावलेल्या आणि ओसरीवर ताणा व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला. मल्लाप्पा पान खात बसला होता.

"झाली?" नागोजीनं विचारलं.

"व्हय की. तार लई तुटली न्हाय ह्या येळंला."

"घरचं कोण नसताना?"

"सांगून गेलं तर काय अडतंय? दोन माणसांबगर गल्ली मरतीया व्हय? दुखणंबाणं असतंय माणसाला."

नागोजी ओसरीच्या कडेला बसला. "अण्णा," तो म्हणाला, "एकतीस सालीबी झाली असती काय? ही नसताना?"

मल्लाप्पाला काही कळलं नाही. "तवा तर माणसं जास्त हुती की," तो म्हणाला. "का रं?"

नागोजीनं तोंड उघडलं. चौदा वर्षांपूर्वी याच माणसापुढं जे वाक्य राहून गेलं होतं, ते आता जिभेवर आलं होतं. "डॉक्टरनं न्हाय केलं, अण्णा," तो म्हणाला. "मी जाऊ दिली न्हाय तिला."

मल्लाप्पाचं पान चावायचं थांबलं. आत सत्यवतीनं ते ऐकलं. ती बाहेर आली, तोंडावर पदर न घेता, हातात धोटा घेऊन. धोट्यात नवी कांडी घातलेली होती. तिनं तो नवऱ्यापुढं धरला. तिच्या शब्दांतून नेहमीसारखा वारा सुटला, पण कळायचं ते कळलं.

"वढा तार," ती म्हणाली. "तुमचं तोंड तरी ऱ्हायलंय."

त्यानं धोट्याला ओठ लावले. ओठ नीट मिटेनात, पहिल्या ओढीत तार आली नाही.