नाथाजी फौजींचे लाल ठिपके

आमचे शेजारी नाथाजी फौजी बावीस वर्षं सरहद्दीवर काढून गावी परतले, तेव्हा गावाची एकच गोष्ट विसरून आले होते. भूकंप. कोयनानगरच्या खालच्या अंगाला आमची वाडी. इथं जमीन हलते, पण हलण्याआधी पोटातून गुरगुरते. ती गुरगुर ऐकली की आम्ही चहा सांडू नये म्हणून बशी नीट धरतो, एवढंच. नाथाजींना गुरगुर ऐकूच येईना. तोफांनी कान गेले, असं ते सांगतात. वहिनी म्हणतात, मी काम सांगायला लागले तेव्हापासून गेले.

कानांची कसर त्यांनी मोबाइलवर भरून काढली. त्यात भूकंपाचा एक नकाशा असतो. धक्का जाणवला की आपण कळवायचं, मग आपल्या गावावर लाल ठिपका उमटतो. नाथाजींनी हे काम ड्यूटीसारखं अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर दुधाच्या पातेल्याचं झाकण थरथरलं की चष्मा लावायचा, वेळ टाकायची आणि ‘जोरदार’वर बोट दाबायचं. दोन महिन्यांत नकाशावर आमच्या वाडीला गोवर उठला.

आता खरं सांगतो. त्या फळीच्या भिंतीमागं माझा गोठा आहे. चारच्या सुमाराला म्हैस पाणी पिऊन आली की त्याच भिंतीला अंग घासते. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण नाथाजी पारावर येऊन आकडा सांगायला लागले की मी मुद्दाम म्हणायचो, “फौजी, आजचा लय मोठा हुता.” ते खुशीत घरी जायचे. वाडीत करमणूक तरी दुसरी काय आहे?

त्यांची लेक क्रांती कराडला नर्स. कवठे महांकाळचा अमृत त्याच दवाखान्यात रक्त तपासायला. दोघांचं मनातून ठरलेलं. फक्त अमृतची आई हरणाबाई घर बघायला यायच्या होत्या. त्या अमृतला घेऊन आल्या, शेजारी म्हणून मीही बसलो होतो. त्यांनी पोहे खाल्ले आणि पिशवीतून मोबाइल काढून तोच नकाशा उघडला.

“हे काय वो? तुमच्याच गावावर एवढं लाल कसं? शेजारच्या गावांवर एक बी ठिपका न्हाई.”

नाथाजींची छाती फुगली. “त्यांच्यात रिपोर्ट द्यायला माणूसच न्हाई! आमच्यात लय हालतंय, बाई. परवा एका दिवसात पाच झालं.”

क्रांतीनं कपाळाला हात लावला.

“आमच्याकडं पाऊस नसंल, पर जमीन जागेवर हाय,” हरणाबाई म्हणाल्या. “पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. माझं नातवंड मी ह्या ठिपक्यांत धाडू? नको ही सोयरीक. ऊठ रं अमृत.”

अमृत उठेना. क्रांतीचे डोळे भरले. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. गंमत माझी आणि लग्न मोडणार पोरीचं!

“आवं बसा,” मी म्हणालो. “ते भूकंप न्हाईत. माझी म्हैस हाय.”

“म्हैस?” नाथाजी वळले. “आणि तुला ठावं हुतं?”

“पहिल्यापासनं.”

त्यानंतर ते जे बोलले ते फौजेतलं होतं आणि हिंदीत होतं.

“आप्पा, पावणं बसल्यात,” क्रांती म्हणाली आणि तिनं मोबाइल हरणाबाईंपुढं धरला. “बघा मावशी, समदं ठिपकं चार ते साडेचारमधलं हायत.”

हरणाबाईंनी घड्याळ बघितलं. चार वाजत होते. “मग दाखवा म्हैस घासताना.”

सगळे गोठ्यात आलो. नाथाजी तेवढे रुसून घरातच राहिले. “म्हैस का भूकंप, ते मला फळीपाशी उभं राहून कळतंय,” म्हणाले.

एका पोरीचं लग्न आपल्यावर अडून बसलंय याची म्हशीला काही फिकीर नव्हती. ती निवांत रवंथ करत होती. मी पेंड दाखवली, मागच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, शेवटी भिंतीकडं ढकललं. तिनं माझ्या पायावर शेण टाकलं. क्रांती नखं कुरतडायला लागली.

शेवटी हरणाबाईंनीच पदर खोचला. “व्हा बाजूला. जनावराला हात लावायची बी रीत असती.” त्यांनी म्हशीच्या गळ्याखाली खाजवायला सुरुवात केली. म्हशीनं डोळे मिटले, मान लांब केली आणि सगळा भार भिंतीवर टाकून अशी घासायला लागली की पलीकडं आधी झाकण वाजलं, मग पातेलं, मग अख्खी फळी.

आणि आतून आरोळी आली, “धक्का! धक्का! समदी भाईर पळा!”

नाथाजी अनवाणी अंगणात धावत आले. नाकावर चष्मा, हातात मोबाइल, बोट ‘जोरदार’वर.

हरणाबाई गव्हाणीचा आधार घेऊन खालीच बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पदरानं टिपून त्या नाथाजींना म्हणाल्या,

“पोरगी पसंत हाय, इवाय. फकस्त बाळंतपणाला येईल तवा ही म्हैस दुसऱ्या भिंतीला बांधा. आन् तुमाला बी.”