जैनाबादचा केळीवाला

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या शनवारा मोहल्ल्यात जो तो नव्या नकाशावरून भांडत होता. आमच्या घरात मात्र पोरीचं कण्हणंच ऐकू यायचं.

थोरल्या भावाची मुलगी, नऊ वर्षांची. मांडीच्या हाडात गाठ. इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

आमचे गावातले डॉक्टर म्हणाले, "बरी नाही होणार. पण दुखणं थांबवता येतं. आजपासून सुई सुरू करू."

"एवढ्यात नको," भाऊ म्हणाला.

आमच्या गल्लीत डॉक्टरांचा टांगा रोज दारात दिसू लागला, की बायका डोळ्यांना पदर लावून हजर! अशा सुईला सगळे 'शेवटची सुई'च म्हणत. पोरीला कळेल, ती खचेल, या धास्तीने भाऊ थांबला होता आणि पोर उशी चावत होती.

नाटकाचा किडा मला जन्मापासूनचा. मी म्हटलं, "दादा, डॉक्टर येणारच नाहीत. माझा दोस्त येईल, नदीपलीकडच्या जैनाबादचा केळीवाला. पत्ते खेळायला."

भाऊ म्हणाला, "कर तुझं नाटक."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर धोतर-टोपीत पायी आले. डोक्यावर टोपली, केळ्यांखाली औषधाची पिशवी. समोरच्या काकूंनी हटकलं, "कोण हो भाऊ तुम्ही?"

एवढा शिकलेला माणूस, घाबरून म्हणाला, "मी... केळं!"

सुई टोचून झाल्यावर पोरीने मला विचारलं, "काका, केळीवाले सुई टोचतात?"

"जैनाबादचे टोचतात."

थोड्या वेळाने तिच्या कपाळावरची आठी सुटली. तिने पत्ते मागितले. मग रोज बदाम सात. ती बिनदिक्कत पत्ते लपवायची, डॉक्टरांच्या टोपीला हसायची. वहिनी कित्येक दिवसांनी स्वस्थ झोपली. मी आपल्या नाटकावर बेहद्द खूश!

एका दुपारी पत्ते पिसता पिसता पोर भावाला म्हणाली, "आप्पा, डॉक्टरांना टांग्याने येऊ द्या ना. पायी येईस्तोवर उशीर होतो. तोवर फार दुखतं." मग पत्त्यांकडे बघत म्हणाली, "बाकीचं मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः टांग्यात बसून डॉक्टरांना घेऊन आला. टांगा दारात उभा राहिला. बायका आल्याच. भाऊ उंबऱ्यात आडवा आला. "रडायचं तर घरी जाऊन रडा. आत डाव चाललाय."

समोरच्या काकू तेवढ्या मागे थांबल्या. "माझ्या बहिणीचा पोरगा जैनाबादला असाच कण्हतोय हो. पण त्याची अजून तशी वेळ आलेली नाही. तरी देतात का सुई?"

डॉक्टरांच्या आधी भाऊच बोलला, "टांगा उभा आहे, काकू. बसा."

आमची पोर आठवड्याभरात गेली, सकाळची सुई घेऊन झोपली होती तेव्हा. टांगा दारात नव्हता. भावाने तो जैनाबादला धाडला होता.