डोनेगलच्या विमानात टाकलेला रुमाल

“मॅडम, काळजी नको. संध्याकाळच्या विमानातही सीट धरून ठेवलीय,” डॉ. नेने म्हणाले आणि मी त्यांचा फोन मागून घेतला.

आम्ही डब्लिन विमानतळावर होतो. इथल्या हॉस्पिटलांना लोकम, म्हणजे बदली डॉक्टर, पुरवणं हे माझं काम. नेने नुकतेच नागपूरहून आलेले. पहिलीच ड्युटी आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगलला, म्हणून मी स्वतः सोडायला गेले होते. तिकडे डॉ. सावंत त्यांची वाट बघत होते. नवा डॉक्टर येऊन पेशंट समजावून घेईपर्यंत जुन्याला वॉर्ड सोडता येत नाही. याला हँडओव्हर म्हणतात. परवा पुण्यात सावंतांच्या आईचं ऑपरेशन होतं आणि त्यांचं विमान आज रात्रीच डब्लिनहून सुटणार होतं.

धुक्यामुळे सकाळची फ्लाइट डिले झाली. काउंटरवरची बाई दर वेळी सांगे, “ग्रँड होईल सगळं.” म्हणजे इथल्या भाषेत, ठीक होईल. कधी, ते सांगेना.

मध्येच नेन्यांना एअरलाइनचा मेसेज आला, हवं तर संध्याकाळी जा. त्यांनी लगेच टॅप केलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तसं. दोन्हीकडे जागा राहील असा त्यांचा हिशेब. पण रीबुकिंगमध्ये नवी सीट मिळते त्याच क्षणी जुनी जाते. ती वेटिंगवरच्या कुणाला तरी मिळालीही होती.

नेन्यांनी काउंटरवरच्या बाईकडे ती परत मागून पाहिली.

“तुम्हीच सोडलीत, डॉक्टर. आता फ्लाइट फुल आहे.”

संध्याकाळी नेने पोचले असते, पण सावंत अडकले असते. त्यांना फोन केला. ते चिडले नाहीत.

“ताई, मला बघितल्याशिवाय थिएटरमध्ये जाणार नाही म्हणतेय आई.”

मी नेन्यांना म्हटलं, “बसा गाडीत.”

रस्त्याने चार तास. नेने दोनदा सॉरी म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात मी रेडिओ लावला. अर्ध्या वाटेत त्यांनी फोन बघून सांगितलं, सकाळचं विमान सुटलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

सावंत वॉर्डच्या दाराशी बॅग घेऊनच उभे होते. हँडओव्हर झाला आणि मी त्यांना घेऊन तशीच उलट फिरले. ते डब्लिनपर्यंत तोंड उघडं टाकून झोपले.

पुण्याहून त्यांचा मेसेज आला, “पोचलो. दाढी केली नाही म्हणून आई रागावलीय.”

हल्ली प्रत्येक नव्या डॉक्टरला मी आधीच बजावते, फ्लाइट डिले झाली तर ॲपला हात लावण्याआधी मला फोन करा. रुमाल टाकायची सोय फक्त एसटीत आहे.