आक्काच्या झाडाला मी घातलेली माती

आक्का, म्हणजे माझी नणंद, खापरच्या सासरहून कायमची परत आली तेव्हा तिच्याबरोबर दोनच वस्तू होत्या. एक पत्र्याची पेटी आणि वनस्पती तुपाच्या डब्यात लावलेलं एक झाड. कायमची आली असं मी आज म्हणते. तेव्हा घरात कुणीच तसं म्हणत नव्हतं. चार दिवस माहेरी आली, असं सगळे सांगायचे, आणि ते चार दिवस दिवाळीनंतर सुरू झाले ते होळी आली तरी संपले नव्हते.

ही साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आम्ही धुळ्याचेच. प्रकाशाच्या जवळ, तापीकाठच्या एका गावात माझं सासर. मला लग्न होऊन वर्ष झालं होतं. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सहा वर्षं संसार करून मूल नाही, म्हणून तिच्या सासूने ‘जरा माहेरी जाऊन ये’ म्हणत तिला पाठवून दिलं. नवरा एका लाकडाच्या वखारीत कारकून होता. माणूस वाईट नव्हता म्हणे, पण आईपुढे त्याचं काही चालायचं नाही. एसटीपर्यंत पोचवायला तोच आला, आणि गाडी हलायच्या आधी खिडकीतून हा डबा तिच्या मांडीवर ठेवत म्हणाला, “याला फुलं आली की मी न्यायला येतो.”

हे तिने मला पहिल्याच आठवड्यात, शेंगा फोडताना सांगितलं. नंतर सगळ्यांनाच माहीत झालं. इतकं की सासरे शेतातून आले की पाय धुवायच्या आधी एक नजर त्या डब्याकडे टाकायचे.

आता झाड कसं होतं ते सांगते. आज शहरात त्याला ऑर्किड म्हणतात, पुस्तकात आमरी म्हणतात. डोंगरातले लोक त्याला वांदा म्हणायचे. मोहाच्या झाडावर, फांदीच्या बेचक्यात वाढतं. तिच्या नवऱ्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी वखारीत आलेल्या ओंडक्यावरून ते सोडवलं होतं. जाड, ताठ पानं, दोन्ही बाजूंनी एकावर एक रचल्यासारखी. हातभर उंच झालेलं. आणि अंगातून करंगळीएवढी जाड पांढरी मुळं बाहेर निघालेली, ती कशालाच धरायची नाहीत, नुसती हवेत लोंबायची. सगळा भार वर आणि खाली एवढासा डबा. जरा वारा आला की झाड डब्यासकट आडवं.

होळीनंतर पानाच्या बगलेतून एक हिरवा दांडा निघाला. आक्काने मला हात धरून नेलं, नुसतं बोट दाखवलं. दांड्यावर मुगाएवढ्या कळ्या होत्या. त्या दिवशी तिने भाकरी करताना दोन जाळल्या आणि सासूबाईंनीही तिला काही म्हटलं नाही.

आमच्याकडे एक म्हातारे बांगडीवाले यायचे. ते खापरच्या बाजारालाही जायचे. आक्काने हातात बांगड्या भरता भरता त्यांना सांगितलं, “काका, त्यास्ले एवढंच सांगा, झाडले कयी लागनी.” आम्ही घरात अहिराणीच बोलायचो, तिचं बोलणं मी कुठे तसंच ठेवते, कुठे तुमच्यासाठी पुस्तकी करते. तर, कळी लागली म्हणून सांगा, असा निरोप. पुढच्या फेरीला बांगडीवाले उत्तर घेऊन आले. “भेटले. ‘फुललं की कळवा’ म्हणाले.” आक्काने त्यांना गुळाचा चहा पाजला. त्याच संध्याकाळी पेटीतली दोन लुगडी धुऊन, घडी करून परत पेटीत ठेवली.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. झाड ओट्यावरून खाली पडलं, हे तिसऱ्यांदा. दोन पानं मोडली. दांडा वाचला, पण झाड बुडातून लटलट हलायला लागलं. आक्का ते मांडीवर घेऊन बसली, पोराला घ्यावं तसं.

आता माझी अक्कल ऐका. मी कोरीट गावची. माझ्या वडलांचा केळीचा बाग होता आणि मी त्यात वाढलेली. केळीचा घड जड झाला की झाड कलतं, त्याला टेकू कसा द्यायचा हे मला आठव्या वर्षापासून येत होतं. मी म्हटलं, “आक्का, हे पडतं कारण याला धरायला काही नाही. मी लावून देते.”

डबा उलटा केला तर आतून काय निघालं? कोळशाचे खडे, विटांचे तुकडे आणि झाडाची सालपटं. मला हसूच आलं.

“माती नही, काही नही. हाई झाड जगनं तरी कसं?”

“त्यास्नीच भरेल शे,” आक्का म्हणाली. त्यांनीच भरलंय.

“मग वखारीतल्या माणसाने भरलंय ते दिसतंच आहे,” मी म्हटलं. ते सगळं मी उकिरड्यावर फेकून दिलं.

केळीचा कंद लावायच्या आधी त्याची जुनी मुळं छाटतात, बूड तासून स्वच्छ करतात, मग नवी मुळं जोमाने फुटतात. मी विळा घेतला. आक्काने माझं मनगट धरलं. “वहिनी, त्या मुया नको कापू. त्या हवा पितस, असं ते सांगेत.”

“हवा पिसन कोनं पोट भरस वं आक्का?”

तीही हसली. हे मला अजून लागतं. ती हसली आणि तिने मनगट सोडलं.

मी मुळं छाटली, बूड तासलं. जुनी घागर होती गळ्याशी फुटलेली, ती घेतली. तापीकाठची काळी माती, त्यात जुनं शेणखत. झाड चांगलं वीतभर खोल बसवलं आणि तळहाताने माती अशी दाबली की हलायचं नाव नको. दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या रोवल्या, जुन्या पातळाच्या चिंध्यांनी झाड त्यांना बांधलं. गाठ खोडावर आवळायची नाही, मधे एक पीळ द्यायचा, हेही मला येत होतं. मग तांब्याभर पाणी घातलं. झाड देवळाच्या खांबासारखं सरळ उभं राहिलं. मी बोटाने ढकलून पाहिलं, हललं नाही.

सासूबाई दारातून बघत होत्या. “झाड उभं ऱ्हायनं. आते तुम्ही बी उठा. भाकरी काय ते झाड टाकी?”

दहा-बारा दिवस बरे गेले. दांडा बोटभर वाढला. मग खालचं एक पान पिवळं पडलं. आम्ही पाणी वाढवलं. आणखी दोन गळाली. मी थोडं खत वाढवलं. आक्का सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, मीही तिच्या नकळत घालायची, ऊन केवढं म्हणून. असं ते झाड आम्ही दोघींनी मिळून बुडवलं.

एकदा ते जरा कललेलं दिसलं म्हणून मी तिसरी कामटी रोवायला गेले. मातीतून वास आला. खोड बुडाशी चेपून बघितलं तर बोट आत गेलं, पिकून फुटलेल्या केळात जावं तसं. मला तेव्हाच कळलं. मी काय केलं? तिसरी रोवली, वर चौथी कामटी आणली. चिंध्या आणखी वर, घट्ट बांधल्या. आठ दिवस ते झाड मेलेलं उभं होतं आणि आक्का त्याला पाणी घालत होती. कळ्या सुकून मोहरीएवढ्या झाल्या तरी ती मला विचारायची, “जरा मोठ्या दिसतात ना?” मी म्हणायचे, “हो.”

डोंगरातून डिंक आणि केरसुण्या विकायला एक बाई यायची. तिने ओट्यावर टोपली ठेवली, झाड पाहिलं आणि आधी हसली. मग आमची तोंडं बघून थांबली. खाली वाकून तिने खोडाला हात लावला. हे मातीत राहत नाही बाई, तिने सांगितलं, हे मोहावर राहतं, वारा खातं, पाऊस पितं. मातीने याचे पाय कुजतात. पुढच्या बाजारी दुसरं आणून देते, रानात कितीतरी आहेत.

मी लगेच म्हटलं, “आण बाई, लवकर आण. कळी लागलेलं असेल असंच आण.”

आक्का म्हणाली, “नको.”

तेवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सोडी दे वहिनी त्या चिंध्या.” मी सोडल्या. शेवटची गाठ सुटली तसं झाड माझ्या हातावर आलं, वजनच नव्हतं त्याला.

बांगडीवाले आले ते नेमके दोन दिवसांनी. ओट्याच्या पायरीवरूनच हसत म्हणाले, “काय सांगू मग? फुललं का?” आक्का आत निघून गेली. सासरे तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. शेवटी सासूबाई बोलल्या. “सुनेने माती घातली, झाड मेलं, असं सांगा.”

तो निरोप गेला. त्यावर उत्तर आलं नाही. पावसाळा झाला, दिवाळी झाली. आक्काच्या नवऱ्याने दुसरी बायको केल्याचं कुणीतरी बाजारात ऐकून आलं, आणि घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. आक्का पुढे चाळीस वर्षं आमच्याकडेच राहिली. माझी चारही मुलं तिच्या मांडीवर वाढली. कुणी पाहुणी विचारायची, हिला सासरचे का नेत नाहीत. सासूबाई सांगायच्या, सुनेच्या हातून झाड गेलं. पुढे सासूबाई गेल्या, तरी भावकीतल्या बाया तेच सांगायच्या. मी कधी उलट बोलले नाही. फुलाच्या नावाने थांबलेला माणूस फूल बघून तरी आला असता का, असं माझ्या ओठांवर शंभरदा आलं. पण ते बोलून मी सुटले असते. आक्काजवळ मग काय उरलं असतं?

एकदाच विचारलं. तिचे गुडघे गेले होते तेव्हा, मी तेल लावत होते. “आक्का, खरं सांग. झाड फुललं असतं तर ते आले असते?”

ती म्हणाली, “तू माती घाली दिन्ही ना वं वहिनी. आते कसं समजी?”

रागाने नाही म्हणाली. लुगडं गुडघ्यावरून खाली ओढलं आणि तेलाची वाटी बाजूला सरकव म्हणाली, पाय लागून सांडेल.