यांच्या डायरीत मी नाही

आमचे हे चाकणच्या कंपनीतून, मेंटेनन्समधून रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि जाड कव्हरची एक डायरी मिळाली. शाल कपाटात गेली, नारळाची बर्फी झाली, घड्याळ अजून खोक्यात आहे. डायरी मात्र यांनी दुसऱ्याच दिवशी उघडली. रोज संध्याकाळी चहा झाला की चष्मा लावून, मान एका बाजूला करून लिहायचे. मला बरं वाटलं. आयुष्यभर मशीनशी बोलून आलेला माणूस आता मनातलं काहीतरी लिहिणार, आणि यांच्या मनात माझ्याशिवाय दुसरं कोण असणार, असा माझा सरळ हिशेब होता.

डायरी लपवायची यांना सवयच नाही. कंपनीतली वही पुढच्या शिफ्टला वाचता यावी म्हणून उघडीच ठेवतात, तशी ही टीव्हीखाली उघडी असायची. त्यामुळे मी वाचली यात चोरी नव्हती. आमच्या रावेतच्या फ्लॅटमधला संसार त्यात असा होता: 'बाथरूमचा नळ गळतो. वॉशर बदलला.' 'लिफ्ट बंद. वॉचमनला सांगितले.' 'डावा गुडघा, जिना उतरताना आवाज. तेल लावले.' पान उलटलं तरी तेच. माझ्या वाढदिवसाला मुलीने केक पाठवला होता, मी नवी साडी नेसले होते, अख्खा मजला घरात जमला होता. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, 'फ्रिजचे दार नीट लागत नाही.' दार लागत नव्हतं कारण आत केक होता.

महिने गेले, मी वाट पाहिली. शेवटी विचारलं, "यात मी कुठाय?"

हे खरोखर गोंधळले. "तुझं काय लिहायचं? तुला काय झालंय?"

मग एखाद्या शिकाऊ पोराला सांगावं तसं मला समजावून सांगितलं. वहीत बिघाड लिहायचा असतो. जे चालू आहे ते लिहीत बसलं तर वह्या पुरणार नाहीत. "तू एकदम व्यवस्थित चालू आहेस," म्हणाले, आणि वर हसले. त्यांच्या मते ही स्तुती होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर गुडघ्याला जागा आहे आणि मला नाही.

बिघाडच हवा ना, म्हटलं, घ्या. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठच घातलं नाही. यांनी एक घास खाल्ला, ताटातलं मीठ कालवलं आणि जेवले. संध्याकाळी डायरीत आमटीचं नाव नाही. का, तर किरकोळ गोष्ट ज्याची त्याने जागेवर नीट करायची, ती वहीत जात नाही.

मग मी अबोला धरला. मी बोलायला लागले की सोसायटीच्या गेटवर ऐकू जातं असं हेच सगळ्यांना सांगतात, तेव्हा माझा अबोला ही काही साधी गोष्ट नव्हती. दोन दिवस जीभ नुसती वळवळत होती. दुसऱ्या संध्याकाळी हे लिहून उठले आणि मी डायरीवर झडप घातली. लिहिलं होतं, 'दोन दिवस ऐकू कमी येते. कान तपासून घेणे.'

आणि हा सद्गृहस्थ खरंच चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे गेला. येताना पेढे घेऊन आला. "कान उत्तम," म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान बघायला मिळत नाहीत."

मी पेढा खाल्ला, कारण पेढ्याचा काय दोष. मग बॅग भरली आणि राजगुरुनगरला भावाकडे निघून गेले.

वहिनी भेंडी चिरत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, आमच्या ह्यांनी तर सही सोडून जन्मात कागदावर कायबी लिवलं न्हाई. तुमचे निदान लिवत्यात तरी."

"नळाबद्दल लिहितात."

"मंग नळाचं नशीब म्हनायचं."

ती हसली, मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं, आणि नळावरून रडतेय हे सांगायची लाजही वाटत होती. भीती वेगळीच होती. उद्या आम्ही दोघं नसू तेव्हा मुलगी ही डायरी उघडेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल, आणि तिला वाटेल की बाबा या घरात एकटेच राहत होते.

यांचा फोन एकदाच आला, मिक्सरचं झाकण कुठंय विचारायला. मी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी हे स्वतःच दारात उभे. चाकणच्या चौकात बस इतकी अडकली होती की शर्ट अंगाला चिकटला होता. काखेत डायरी. भावाने पाणी पुढे केलं, ते हातात धरूनच मला म्हणाले, "तुझी सही पाहिजे."

बिघाड दुरुस्त झाला असं मेंटेनन्सवाल्याने म्हणून चालत नाही म्हणे. ज्याचं मशीन, त्याने बघून सही केली तरच तो मिटतो. यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं. खाली सहीसाठी पट्टीने चौकट आखली होती. वर लिहिलं होतं: 'घर बंद. नळ, पंप, फ्रिज, पंखे तपासले, सर्व चालू. तरी घर बंद. कारण: बायको राजगुरुनगरला. मूळ कारण: मी. उपाय: आणायला जात आहे.'

मी दोनदा वाचलं. भाऊ उगाच खिडकीबाहेर बघू लागला. माझा राग निम्म्याहून जास्त तिथेच उतरला होता, पण उतरला असं लगेच दाखवणं मला कधीच जमलेलं नाही.

"बायको कुणाचीही असते," मी म्हटलं. "नाव कुठाय?"

"खरं हाय, दाजी," वहिनी म्हणाली. "लग्नात घेतलं आसंल तेवढंच. आमी तर तुमच्या तोंडून कधी ऐकलं न्हाई."

हे लाजले. माझ्या माहेरच्या माणसांसमोर आजवर यांनी मला 'अगं'च्या पलीकडे हाक मारलेली नाही. खिशातून पेन काढलं, 'बायको' खोडलं आणि वर सावकाश नाव लिहिलं. मी बघत होते. ते माझं माहेरचं नाव होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने यांनीच माझं नवं नाव लिहिलं होतं, आणि त्या दिवसापासून सासरी कुणी ते जुनं नाव उच्चारलं नव्हतं. यांना ते आठवत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी पेन घेतलं आणि त्याच नावाने सही केली. डोळे भरून आले होते, त्यामुळे शेवटची दोन अक्षरं रेघ ओलांडून गेली. यांनी ते पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाले, "सही चौकटीत करायची असते."